विश्लेषण : नळाला जोरात पाणी, तरी चिंता का? टॉवरच्या खालच्या मजल्यांवर पाइप, गीझर कशामुळे फुटतात?

मुंबई, ठाणे, पुण्यात पाण्याची तक्रार म्हटली की ती कमी दाबाचीच असणार, हे गृहीत धरले जाते. हंडा मोर्चे निघतात ते कमी दाबाने पाणी येते म्हणून. मात्र पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या वीस-पंचवीस मजली इमारतींत गेल्या काही वर्षांत नेमकी उलटी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. नळ उघडला की पाणी अंगावर उडते, जेट स्प्रेची नळी मध्यरात्री फुटते, गीझरचा व्हॉल्व्ह सतत टपकतो, भिंतीला ओल येते. दुरुस्ती होते, सहा महिन्यांनी दुसरीकडे तेच. प्लंबरला, नळाच्या कंपनीला किंवा पाइपाच्या दर्जाला दोष दिला जातो. मूळ कारण बऱ्याचदा वेगळे असते आणि ते घराबाहेर, डक्टमध्ये बसवलेल्या एका व्हॉल्व्हमध्ये सापडते.

घरातल्या नळाला दाब येतो कुठून?

आपल्याकडे बहुतेक इमारतींत पालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येते. तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि मग स्वतःच्या वजनाने खाली घराघरांत उतरते. या व्यवस्थेत नळाला मिळणारा दाब एकाच गोष्टीवर अवलंबून असतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे, एवढेच पाहायचे. उंचीचा दर १० मीटरमागे १ किलो, असे प्लंबरांचे साधे गणित आहे. ‘किलो’ म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम आणि व्यवहारात तो एक बारच्या जवळपास असतो. एका मजल्याची उंची सुमारे ३ मीटर धरली, तर प्रत्येक मजला उतरताना दाब ०.३ किलोने वाढतो.

चार मजली जुन्या इमारतीत सर्वांत खालच्या घराला त्यामुळे सव्वा ते दीड किलो दाब मिळे. तीच सोसायटी पुनर्विकासात २२ मजल्यांची झाली आणि टाकी व खालचा नळ यांच्यात ६५ मीटरचे अंतर पडले, तर दाब साडेसहा किलोपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन किलो हवा भरतात. त्याच्या जवळपास तिप्पट दाब स्वयंपाकघरातल्या नळामागे रात्रंदिवस उभा असतो.

टाकी मोठी असेल तर दाब जास्त, हा समज मात्र चुकीचा आहे. टाकी ५०० लिटरची असो वा ५० हजार लिटरची, उंची तीच असेल तर दाबही तोच. पाइप जाड की बारीक याचाही नळ बंद असतानाच्या दाबाशी संबंध नाही. पाइपाच्या जाडीवर ठरतो तो प्रवाह, म्हणजे एका मिनिटात किती लिटर पाणी येणार हे. दाब आणि प्रवाह यांतली ही गल्लत पुढच्या अनेक चुकीच्या दुरुस्त्यांच्या मुळाशी आहे.

किती दाब पुरेसा आणि किती जास्त?

घरगुती वापराला दीड ते तीन किलो दाब आरामात पुरतो. अमेरिकेतील प्लंबिंग संहितांमध्ये चौरस इंचाला ८० पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, ही घरातील दाबाची कमाल मर्यादा मानली जाते. त्याहून जास्त दाब येत असेल तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. भारतात राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या नवव्या भागात प्लंबिंगचे नियम आहेत. उंच इमारतींत मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटाचा दाब मर्यादेत ठेवावा, अशी दिशा त्यात दिली आहे. सार्वजनिक जलवाहिन्यांसाठी केंद्राच्या ‘सीपीएचईईओ’ या यंत्रणेच्या १९९९च्या नियमपुस्तिकेत किमान दाब एकमजली इमारतीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर सांगितला आहे. वितरण व्यवस्थेची आखणी सर्वसाधारणपणे २२ मीटरहून जास्त दाबासाठी करू नये, उंच इमारतींनी आपली सोय पंपाने करावी, असेही त्यात म्हटले आहे. २२ मीटर म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो.

थोडक्यात, रस्त्याखालच्या नळातून टॉवरच्या खालच्या घरात साडेसहा किलो दाब येणे अशक्यच आहे. तो इमारतीने स्वतः पाणी वर चढवून तयार केलेला असतो. त्यामुळे पालिकेच्या पाणी खात्याकडे या तक्रारीचे उत्तर नसते.

इमारतीत हा दाब कमी कसा केला जातो?

दोन मार्ग आहेत. पहिला, मधल्या एखाद्या मजल्यावर दुसरी टाकी बांधायची. गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्यांना आणि मधल्या टाकीतून खालच्या मजल्यांना पाणी द्यायचे. ही पद्धत सर्वांत भरवशाची. पण त्यात जागा जाते आणि जागा म्हणजे पैसा. म्हणून आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या टॉवरमध्ये दुसरा मार्ग जास्त दिसतो. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपावर ठरावीक मजल्यांनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवला जातो.

पीआरव्हीच्या आत एक स्प्रिंग, एक लवचीक पडदा आणि एक झडप असते. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्यापर्यंत आला की पडदा झडपेला ओढून घेतो आणि पाण्याची वाट बंद होते. नळ उघडून पुढचा दाब उतरला की झडप पुन्हा उघडते. वरच्या बाजूला सहा किलो असोत वा आठ, खाली दोन-अडीचच मिळायला हवेत. वरचा स्क्रू फिरवून हा आकडा बदलता येतो. वीज लागत नाही, मीटर नाही, आवाज नाही. म्हणूनच तो तेथे आहे, हे सोसायटीत फारसे कोणाला ठाऊक नसते.

मग बिघडते कुठे?

बिघाड अगदी किरकोळ गोष्टींतून सुरू होतो. पीआरव्हीच्या आधी बारीक जाळी असते. टाकी धुतल्यावर किंवा पाइपाचे काम झाल्यावर वाळू, गंज, सिमेंटचे कण त्या जाळीत अडकतात आणि खालच्या मजल्यांना पाणी कमी येऊ लागते. तक्रारी सुरू होतात. पीआरव्हीला वळसा घालणारा एक जोडपाइप, म्हणजे बायपास, दुरुस्तीच्या काळासाठी ठेवलेला असतो. त्याचा व्हॉल्व्ह उघडला जातो, पाणी लगेच जोरात येते, तक्रार मिटते. जाळी साफ करून बायपास पुन्हा बंद करायचे राहून जाते. त्या दिवसापासून खालच्या आठ-दहा मजल्यांची घरे गच्चीच्या थेट दाबाखाली असतात. कागदोपत्री पीआरव्ही जागेवर, प्रत्यक्षात त्याला काम नाही.

दुसरा बिघाड याहून फसवा. झडपेच्या बैठकीवर एखादा कण अडकतो किंवा रबर झिजते आणि झडप पूर्ण बंद होत नाही. दिवसा घराघरांत नळ चालू असतात तेव्हा दाब ठीक दिसतो. रात्री सगळे नळ बंद झाले की त्या फटीतून थोडे थोडे पाणी पुढे सरकत राहते आणि पहाटेपर्यंत पुढच्या पाइपातला दाब मागच्याइतका होतो. दिवसा येऊन तपासणारा प्लंबर सांगतो, ‘प्रेशर बरोबर आहे’. तो खोटे बोलत नसतो. त्याने चुकीच्या वेळी पाहिलेले असते.

तिसरे कारण पंपाचे. अनेक नव्या इमारतींत वरच्या तीन-चार मजल्यांना टाकीच्या उंचीतून पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून गच्चीवर प्रेशर पंप असतो. वरच्या मजल्यांच्या तक्रारी वाढल्या की त्याचे सेटिंग वाढवले जाते. या पंपाची लाइन खालच्या मजल्यांच्या लाइनपासून वेगळी नसेल, तर वर वाढवलेला एक-दोन किलो दाब खालच्या साडेसहा किलोंत जाऊन मिसळतो.

पुनर्विकासाच्या इमारतींत याला आणखी एक पदर आहे. अनेक प्रकल्पांत मूळ रहिवाशांना खालचे मजले मिळतात आणि विक्रीची घरे वर असतात. दोन किलोहूनही कमी दाबात वर्षानुवर्षे वापरलेले गीझर, नळ्या, वॉशिंग मशीन घेऊन ही कुटुंबे नव्या घरात येतात. जास्त दाबाचा मारा नेमका या जुन्या वस्तूंवर होतो.

अँगल कॉक अर्धा बंद केला तर दाब कमी होतो का?

नाही. पण पाणी जोरात येऊ लागले की घरोघरी हाच उपाय केला जातो. बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद केला की नळातून येणारे पाणी खरेच कमी होते. कमी होतो तो प्रवाह, आणि तोही नळ चालू असेपर्यंतच. नळ बंद केला, पाणी थांबले, की अर्ध्या उघड्या कॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब काही क्षणांत सारखा होतो. बंदिस्त, स्थिर पाण्यातला दाब सगळीकडे पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व शाळेत शिकवले जाते. अर्धा उघडा कॉक त्याला अडवू शकत नाही.

फुटाफुटी रात्री का होते, याचेही उत्तर यातच आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळेत सगळी इमारत पाणी वापरत असते. वाहत्या पाण्याचे पाइपाशी घर्षण होते आणि त्यात दाबाचा काही भाग खर्ची पडतो. मध्यरात्रीनंतर प्रवाह जवळपास शून्य असतो, घर्षणही शून्य. प्रत्येक जोडावर, प्रत्येक वॉशरवर उंचीचा पूर्ण दाब येतो. सर्वांत कमकुवत जागा नेमकी तेव्हा हार मानते आणि त्या वेळी घरातले सगळे झोपलेले असतात.

ही जागा बहुधा भिंतीतला पाइप नसतो. घरांत वापरला जाणारा सीपीव्हीसी पाइप चांगलाच दणकट असतो. त्याच्या नेहमीच्या ‘एसडीआर ११’ प्रकाराची क्षमता खोलीच्या तापमानाला सुमारे २८ किलो धरली जाते. पाणी ८२ अंश तापले तर मात्र तीच क्षमता सुमारे ७ किलोवर येते. त्यामुळे गीझरनंतरचा गरम पाण्याचा पाइप थंड पाण्याच्या पाइपापेक्षा केव्हाही नाजूक. सरळ पाइपापेक्षा जोड आधी जातात. नीट न सुकलेला सोल्यूशनचा जोड, प्लास्टिक आणि पितळ यांची आटे असलेली जोडणी, जास्त आवळून तडा गेलेला सॉकेट, या त्या जागा. त्याहूनही आधी जातात त्या बाहेरच्या लवचीक नळ्या.

घरातल्या कोणत्या वस्तूंना जास्त धोका?

पहिला क्रमांक शौचालयातल्या जेट स्प्रेचा. त्याची नळी स्प्रेच्या दट्ट्यापर्यंत चोवीस तास दाबाखाली असते. आतली रबरी नळी कालांतराने कडक होते, वरचे स्टीलचे आवरण दमट हवेत गंजते आणि एका रात्री ती सुटते. मिनिटाला दहा-बारा लिटरचा प्रवाह धरला तरी पाच तासांत तीन हजार लिटरहून जास्त पाणी घरात येते. सुट्टीला गावी गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे खालच्या मजल्यावरचे शेजारी आधी सांगतात. येथे अँगल कॉकचा खरा उपयोग आहे. तो अर्धा नको, वापर झाल्यावर पूर्ण बंद हवा. बाहेरगावी जाताना तर घराचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करणे उत्तम.

आरओ शुद्धीकरण यंत्राची बारीक पांढरी नळी दुसरी. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात कमाल दाब लिहिलेला असतो आणि तो साधारण दोन-तीन किलोंच्या आसपास असतो. त्याहून जास्त दाब येत असेल तर यंत्राआधी छोटा पीआरव्ही लावण्याची सूचनाही असते. बसवताना ती क्वचितच पाळली जाते. वॉशिंग मशीन त्या मानाने सोसणारे. अनेक मशीनवर १० किलोपर्यंतचा आकडा असतो. पण मशीनला जोडणाऱ्या नळीचा आणि तिच्या वॉशरचा भरवसा तेवढा नसतो.

फ्लशच्या टाकीचे नुकसान दिसत नाही. दाब जास्त असला की तिच्यातला भरण-व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जादा पाणी आतल्या आत भांड्यात उतरत राहते. टाकीत निळीचे दोन थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात निळसर पाणी दिसले तर गळती आहे.

नळ बंद करताना ‘धाड’ आवाज का येतो?

वाहते पाणी अचानक अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि दाबाची लाट पाइपातून मागे धावते. अभियंते याला वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८च्या सुमारास मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून त्याचे सूत्र मांडले. त्यानुसार लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबवले तर क्षणभर १० किलोंहून जास्त जादा दाब तयार होऊ शकतो. प्लास्टिकचा पाइप थोडा ताणला जातो म्हणून त्यात हा धक्का कमी असतो, तरी चार-पाच किलोंचा असतोच. हा दाब आधीच्या स्थिर दाबावर चढतो. साडेसहा अधिक पाच म्हणजे साडेअकरा, असा तो हिशेब.

जुने नळ दोन-तीन फेरे फिरवून बंद व्हायचे, त्यामुळे पाणी हळूहळू थांबे. आताचे नळ पाव फेऱ्यात किंवा दांडी खाली केली की मिटतात. वॉशिंग मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बंद होतो. मशीन पाणी भरून थांबते तेव्हा भिंतीतून ठोका ऐकू येत असेल, तर पाइपाचे क्लॅम्प ढिले आहेत किंवा दाब जास्त आहे. बऱ्याचदा दोन्ही. पाणीकपातीनंतर नळातून फुसफुस करत, थुंकल्यासारखे येणारे पाणी हा वेगळा प्रकार आहे. ती पाइपात अडकलेली हवा असते.

गीझरचा व्हॉल्व्ह टपकतो, तो बिघाड समजायचा का?

थोडे थांबून, थोडे थोडे टपकणे हा बिघाड नाही. तापल्यावर पाणी प्रसरण पावते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले की सुमारे पाव लिटरने वाढते. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी बसवलेला व्हॉल्व्ह पाण्याला मागे जाऊ देत नाही. मग हे पाव लिटर जाणार कुठे? दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याच व्हॉल्व्हमधील सुरक्षेची वाट उघडते आणि थोडे पाणी बाहेर पडते. नळाचाच दाब सहा-सात किलो असेल तर ही मर्यादा लगेच गाठली जाते आणि व्हॉल्व्ह सतत गळू लागतो.

खरा धोका पुढे आहे. गळती बंद करण्यासाठी त्या तोंडाला प्लग लावला जातो किंवा व्हॉल्व्ह काढून साधा जोड बसवला जातो. गळती थांबते आणि गीझरची सुटकेची वाटही बंद होते. त्यानंतर थर्मोस्टॅट अडकला आणि तापमान तोडणारे इतर संरक्षणही चालले नाही, तर बंद टाकीतले पाणी १०० अंशांच्या वर जाते. दाबाखाली ते उकळत नाही, पण टाकी फाटली की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते. गीझरच्या स्फोटाची ताकद येते ती यातून. प्लग लावून पाव लिटर पाणी वाचवण्याची ही बचत जिवावर बेतू शकते, आणि ती करून देणारे कारागीर सहज मिळतात.

साठवणीच्या गीझरवर त्याचा कमाल दाब लिहिलेला असतो. उंच इमारतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गीझरवर बहुतेकदा ८ बार असा आकडा असतो. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने किती लिटरचा गीझर याच्या आधी हा आकडा पाहायला हवा.

यात पाणी किती वाया जाते?

नळातला प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. दाब चौपट झाला की तेवढ्याच उघडलेल्या नळातून दुप्पट पाणी येते. एकाच इमारतीत १७व्या मजल्यावर दीड किलो आणि पहिल्यावर सहा किलोंहून जास्त दाब असेल, तर दात घासताना तेवढ्याच वेळ उघड्या राहिलेल्या नळातून खाली दुप्पट पाणी जाते. बादली भरायची असेल तर फरक पडत नाही, बादली लवकर भरते एवढेच. फरक पडतो तो शॉवर, भांडी आणि गळती यांत. प्लास्टिकच्या पाइपातली उभी चीर दाबाखाली आणखी फाकते, म्हणून तेथील गळती वर्गमूळाच्या हिशेबापेक्षाही जास्त वाढते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनने २०१७-१८च्या दुष्काळात जलवाहिन्यांतील दाब मुद्दाम कमी केला, तो याच कारणासाठी.

विजेचाही हिशेब आहे. हजार लिटर पाणी ७० मीटर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राप्रमाणे ०.१९ युनिट लागते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर जवळपास दुप्पट. दुसऱ्या मजल्यावरच्या घरासाठीचे पाणीही आधी गच्चीवर जाते आणि खाली उतरल्यावर त्याचा दाब पीआरव्हीत मारला जातो. मधल्या टाकीची जागा वाचवलेल्या इमारती त्याचे पैसे दरमहा वीजबिलातून भरत असतात.

जुन्या, बैठ्या इमारतींना हा प्रश्न येऊ शकतो का?

येऊ शकतो, वेगळ्या कारणाने. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेसारख्या प्रकल्पांतून शहरे चोवीस तास पाण्याकडे जाऊ पाहत आहेत. दिवसातून दोन-तीन तास दाबाखाली राहणारे आणि उरलेला वेळ रिकामे असणारे जुने लोखंडी पाइप तेव्हा अखंड दाबाखाली येतात. गंजाने पातळ झालेल्या, पण गंजाच्याच थराने बुजलेल्या जागा अशा वेळी उघड्या पडतात. आकड्यात दाब फार नसला तरी त्या पाइपाला तो जड जातो. नव्या जोडणीआधी इमारतीतले पाइप बदलणे स्वस्त पडते.

दाब जास्त आहे हे ओळखायचे कसे?

अंदाजाने नव्हे, गेजने. प्लंबिंगच्या दुकानात दाब मोजणारा साधा गेज काही शे रुपयांत मिळतो. वॉशिंग मशीनच्या नळाला तो योग्य जोडासह लावावा, घरातले इतर सगळे नळ बंद करावेत आणि नळ पूर्ण उघडून आकडा पाहावा. एकदा रात्री अकरानंतर आणि एकदा पहाटे, कोणी पाणी वापरण्याआधी. दोन-तीन किलो दिसले तर ठीक. चारच्या वर गेला तर सोसायटीला कळवावे. रात्री अडीच आणि पहाटे सहा दिसले, तर पीआरव्हीची झडप पूर्ण मिटत नाही, असे समजायला हरकत नाही.

शेजारच्या दोन-तीन मजल्यांवरही मोजणी करून घ्यावी. एका गटातले सगळे मजले चढे निघाले तर दोष त्या गटाच्या पीआरव्हीत किंवा उघड्या राहिलेल्या बायपासमध्ये. एकच घर चढे निघाले तर त्या घरातल्या पंपाकडे पाहावे. सोसायटीचे काम होईपर्यंत घराच्या मुख्य पाइपावर स्वतंत्र छोटा पीआरव्ही बसवता येतो.

खर्च आणि जबाबदारी कोणाची?

इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेले बांधकामाचे, कारागिरीचे आणि सेवासुविधांचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचे आहेत. दाबनियंत्रण ही पाणीपुरवठ्याच्या सुविधेचाच भाग आहे, असे म्हणायला येथे भक्कम जागा आहे. पुनर्विकासातल्या मूळ सदस्यांना या कायद्याचे संरक्षण किती, यावर वाद होत आले आहेत. त्यामुळे विकास करारातच दोष निवारणाची मुदत आणि पाणीपुरवठ्याची यंत्रणा यांचा स्पष्ट उल्लेख करून घेणे त्यांच्या हिताचे. इमारत ताब्यात घेताना लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेची कागदपत्रे मागितली जातात, पण पाइपांचा प्रत्यक्ष नकाशा, प्रत्येक पीआरव्हीची जागा आणि त्याचा ठरवलेला दाब यांची यादी मागितली जात नाही.

पाच वर्षांनंतर प्रश्न सोसायटीच्या आतला होतो. राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक जलवाहिन्यांची आणि त्यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने, तर सदनिकेच्या आतल्या दुरुस्त्या सदस्याच्या खर्चाने होतात. दाबाचे प्रकरण नेमके या रेषेवर अडते. चौथ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात जोड सुटला आणि तिसऱ्याचे छत खराब झाले, तर पाइप सदनिकेतला म्हणून बिल चौथ्या मजल्यावर जाते. जोड सुटण्याचे कारण डक्टमधला सामाईक पीआरव्ही असू शकतो, हे सभेत मांडायचे तर पुरावा लागतो. भिंत फोडून, पाइप बदलून झाल्यावर तो मिळत नाही. गळती सापडल्यावर, दुरुस्तीला हात लावण्याआधी रात्री आणि पहाटे गेजवरचा आकडा तारीख-वेळेसह टिपलेला असला आणि त्याच दिवशी सचिवांना लेखी कळवलेले असले, तर कार्यकारिणीला आधी डक्ट उघडून पाहावे लागते.